उलट्या अक्षरांचा चकवा: पोळा ते होळीच्या नोंदी

आधी हिशेब देते. पोळा ते पोळा ५२ गोष्टी वाचायच्या, आठवड्याला एक. सगळ्या भुताखेताच्या, पण हलक्याफुलक्या. आणि सोबत जमेल तसं स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चित्रकारांचं काहीतरी विकत घ्यायचं. होळीपर्यंत २८ गोष्टी व्हायला हव्या होत्या, झाल्या २३. चित्रं घेतली ९, त्यातलं एक फसवणुकीचं. खर्च ३,८५० रुपये. स्वतः केलेला लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या पाटीवर कोरून काढलेला ठसा, १. कापलेली बोटं २, दोन्ही डाव्या हाताची.

पाच गोष्टी मागे पडल्या त्या धान कापणीत आणि परीक्षेच्या फॉर्मांच्या गर्दीत. पूर्व विदर्भात, वडसा आणि ब्रह्मपुरीच्या मधल्या पट्ट्यात एका गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रात्री नऊला शटर ओढलं की दहापर्यंतचा तास माझा. लाइट गेली तर तो तास आणखी चांगला जातो, भुताची गोष्ट बॅटरीवरच वाचावी.

सुरुवात पोळ्याला करण्यामागे कारण होतं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दाराला लावलेल्या पळसाच्या फांद्या काढून गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात. पोट्टे गल्लीभर ओरडत जातात, ‘ईडा पिडा घेऊन जाय गे मारबत!’ नागपूरला त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत वर्षभरात लोकांच्या डोक्यात गेलेल्या गोष्टींचे बडगे, म्हणजे तसेच पुतळे. बांबू, कागद, कापड, रंग. महिना-महिना खपून कारागीर हे करतात आणि संध्याकाळपर्यंत त्याची राख होते. खाली सही कुणाची नसते. विदर्भातल्या स्वतंत्र कलावंतांचं सगळ्यात मोठं प्रदर्शन कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी मारबतीचं नाव घेईन. म्हटलं, आपलंही खातं त्याच दिवशी उघडावं.

आता ‘हलकंफुलकं’ म्हणजे काय, हे स्वतःशी ठरवायला मला पहिल्या सहा गोष्टी लागल्या. नारायण धारप (१९२५–२००८) मी वाचते, पण दिवसा, आणि ते या ५२ मध्ये धरत नाही. तिथे शेवटी अंगावर जे येतं ते चार दिवस उतरत नाही. मला हवं असतं ते असं भूत, ज्याला काहीतरी काम आहे. तंबाखू मागायची आहे, राहिलेला निरोप द्यायचा आहे, कोडं घालायचं आहे. राजाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगणारा आणि राजा बोलला की परत झाडाला जाऊन लटकणारा वेताळ सोमदेवानं काश्मिरात अकराव्या शतकात संस्कृतात उतरवून ठेवला. माझ्या मते या जातीच्या वाचनाचा तो मूळपुरुष. प्रेतात शिरलेला आहे, स्मशानात राहतो, आणि तरी त्याच्या बडबडीची मजाच वाटते.

गावच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात ‘नवल’चे जुने दिवाळी अंक मिळाले. अनंत अंतरकरांनी सुरू केलेला हा अंक, गूढ आणि अद्भुत गोष्टींसाठी पूर्वी लोक वाट पाहायचे त्याची. पानं पिवळी, कडेनं उधईनं नक्षी काढलेली. एका गोष्टीचं शेवटचं अर्धं पान तिनंच खाल्लं आहे, त्यामुळे वाड्यातली म्हातारी जिवंत होती की नव्हती हे मला अजून ठाऊक नाही. ती गोष्ट मी २३ मध्ये धरली आहे. कुणाला आक्षेप असेल तर २२ समजा.

एक नियम मात्र पक्का केला आणि तो मोडणार नाही. चेटकिणीच्या गोष्टी घेत नाही. म्हणजे एकटी राहणारी म्हातारी, तिची नजर वाईट, गावात पोरं आजारी पडतात, शेवटी सगळे मिळून तिला हाकलतात, या चालीच्या. शहरात बसून वाचणाऱ्याला त्यात मजा वाटत असेल. आमच्या भागात करणीच्या संशयावरून बायांना मारझोड झालेली आहे, खून झालेले आहेत. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याला छळणं हा त्यात गुन्हा ठरवावा लागला, यातच सगळं आलं. मुंजा चालेल, खवीस चालेल, रात्री वाट चुकवणारा चकवा तर फारच चालेल. त्यांना कुणी ओट्यावरून ओढून बाहेर काढत नाही.

आता चित्रांकडे येते.

पहिलं घेतलं ते रानपिंगळ्याचं, पोस्टकार्डाएवढं, शाईत काढलेलं. अमरावतीकडच्या एका मुलीचं काम, ती मेळघाटात फिरून पक्षी काढते. तुम्ही म्हणाल, यात भूत कुठे आहे? तर ऐका. हा छोटा घुबड ए. ओ. ह्यूम या पक्षीतज्ज्ञानं १८७३ मध्ये शास्त्रात नोंदवला. १८८४ नंतर कुणाला दिसलाच नाही. मेला, संपला, असं जवळजवळ सगळ्यांनी धरलं. आणि ११३ वर्षांनी, १९९७ च्या नोव्हेंबरात, खानदेशात शहाद्याजवळ तो दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला सापडला. नंतर मेळघाटातही निघाला, आणि आता तिथे तो चांगल्या संख्येनं आहे. शंभर वर्षं मेलेला म्हणून धरलेला जीव साध्या सागाच्या झाडावर बसून मान वळवून बघतो, याहून हलकंफुलकं भूत दुसरं कुठलं? त्या मुलीनं त्याच्या कपाळावर ठिपके जवळजवळ काढलेच नाहीत. मी आधी विचारलं, राहिले का? ती म्हणाली, ‘ताई, रानपिंगळ्याच्या कपाळावर ठिपके फिक्के असतात. गच्च ठिपके असले तो साधा पिंगळा, तुमच्या शाळेच्या छपरातला.’ २५० रुपयांत चित्र आलं, वर ज्ञानही.

फसवणुकीचं सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. हडळीचं मोठं रंगीत चित्र, वडाखाली उभी, केस मोकळे, फारच देखणं. ७०० रुपये. विकणारा म्हणाला, हातानं रंगवलेल्याची मर्यादित प्रत आहे. घरी आल्यावर आजीनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, ‘हडरीचे पाय उलटे रायतेत ते खरा, पन हाताले सा बोटा काहून गे?’ आमच्या भागातल्या झाडीबोलीत ळचा र होतो, त्यामुळे आमच्या घरात हडळ नाही, हडर आहे. मोजलं. सहा. डाव्या हाताला सहा आणि उजवा हात केसांत कुठेतरी विरघळलेला. एआय यंत्राकडून काढून घेतलेलं चित्र होतं ते. पैसे परत मागितले तर उत्तर बंद.

त्यानंतर मी तीन गोष्टी विचारल्याशिवाय पैसे पाठवत नाही. अर्धवट अवस्थेतला एखादा फोटो आहे का? ठसा असेल तर ज्या पाटीवरून काढला ती पाटी दाखवाल का? आणि खाली पेन्सिलीनं ३/२५ असा आकडा आहे का, म्हणजे पंचविसातली तिसरी प्रत? जो खरंच हातानं काम करतो तो या प्रश्नांनी चिडत नाही. उलट थांबतच नाही. एकानं मला शाईनं बरबटलेल्या स्वतःच्या लुंगीचाही फोटो पाठवला.

वडशाला दिवाळीनंतर गेले, पेंटरकाकांकडे. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या भागातल्या, नाटकांचा हंगाम दिवाळीला उघडतो आणि होळीच्या सुमारास आटोपतो. रात्री दहाला पडदा वर जातो, तांबडं फुटेपर्यंत नाटक. नाटक मंडळांची कार्यालयं वडशाला रांगेनं आहेत. २०२३ मध्ये परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा नटांकडे जरा लक्ष गेलं बाहेरच्यांचं. पण नटाच्या मागे जो महाल दिसतो, जंगल दिसतं, रस्ता दिसतो, तो काढणाऱ्याला कोण विचारतं? काका पूर्वी पाट्या, भिंतींवरच्या जाहिराती, नाटकांचे फलक सगळं करायचे. फ्लेक्स आला आणि हातात राहिले ते पडदे. तेही आता कमी.

त्यांच्या पडवीत एक जंगलाचा पडदा वाळत घातला होता. रंगाची पूड सरसात कालवून लावलेली, त्यामुळे जवळ गेलं की ओल्या खुरांसारखा वास येतो. पडद्यात उजव्या कोपऱ्यात एक पांढरंफटक झाड. कांडोळ. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, या झाडाची साल कागदासारखी सोलून निघते आणि आतलं खोड गुळगुळीत, पांढरट असतं. उन्हाळ्यात पानं झडल्यावर चांदण्या रात्री ते रानात हात पसरून उभं असल्यासारखं दिसतं. ताडोब्याचे गाइड पर्यटकांना भुताचं झाड म्हणून दाखवतात ते हेच. त्याचाच डिंक कराया गोंद म्हणून विकला जातो. काकांनी त्या खोडावर, माणसाच्या उंचीला, दोन गाठी काढल्या होत्या. नुसत्या गाठी, तपकिरी, एक जराशी खाली. मी दहा पावलं मागे गेले तर त्या गाठी माझ्याकडे बघत होत्या.

‘मोठ्यायले दिसत नाई,’ काका म्हणाले. ‘सामने बसलेले पोट्टे बराबर पायतेत. मंग अख्खी रात झोपत नाईत, नाटक पायतेत.’

फाटलेल्या एका जुन्या पडद्याची साधारण दीड हात लांबीची पट्टी त्यांनी मला दिली. तिच्यावरही गाठींचं झाड आहे, वरचा भाग उंदरांनी नेलेला. पैसे घेत नव्हते, ६०० बळंच दिले. सही करा म्हटलं तर हसले, ‘पडद्याले कोनी सही करते का गे?’ शेवटी मागच्या बाजूनं केली, बॉलपेननं, त्यातही शाई अडकत होती. २३ गोष्टी आणि ९ चित्रांमधलं हे पहिल्या नंबरचं. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला आणि बटर पेपर घालून ठेवलंय. फ्रेम अजून नाही, काचेच्या दुकानदारानं जो भाव सांगितला त्यात आणखी दोन चित्रं येतात.

आता माझ्या लिनोकडे. हीच या वेळची मोठी प्रगती, म्हणून जरा सविस्तर.

विषय घेतला आबाजींचा चकवा. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, तरुणपणी भाऊबीजेनंतरच्या एका मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेला, गेले होते. दिवसा दंडार हा लोकनाच, रात्री नाटक. नाटक अर्ध्यावर सोडून का निघाले ते कधी सांगितलं नाही. आजी म्हणते, खिशात बिडी उरली नव्हती, पण ते पुढच्या पुराव्याशी जुळत नाही. घर दीड कोसावर. धानाच्या बांध्यांतून धुऱ्याधुऱ्यानं चालत राहिले ते चालतच राहिले. एक मोहाचं झाड आलं, ओलांडलं. पुन्हा मोहाचं झाड. वैतागून तिथेच बसले, उजाडल्यावर पाहिलं तर झाडाभोवती बिडीची सात थोटकं, सातही त्यांचीच.

चकवा लागला की काय करायचं याची आजीकडे यादी आहे. बसून राहायचं. सदरा काढून उलटा घालायचा. पाण्यात पाय बुडवायचा. मी लहानपणी या यादीवर हसायचे. मग २००९ मधलं एक संशोधन वाचलं. जर्मनीत ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान सौमान आणि त्यांच्या सोबत्यांनी माणसांना अंगावर जीपीएस लावून जर्मनीच्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर लोक सरळ गेले. ढग आले की गोल फिरू लागले, स्वतःचीच वाट ओलांडली तरी त्यांना कळलं नाही. वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र दिसत होता तोवर नीट होता, चंद्र ढगाआड गेल्यावर वळला. डोळे बांधून चालवलं तर २० मीटरपेक्षाही लहान गोल. एक पाय लांब, एक आखूड असं काही कारण निघालं नाही. सरळ म्हणजे कुठे, याचा अंदाज पावलागणिक थोडा थोडा घसरत जातो आणि दुरुस्त करायला वर काही नसतं.

मी दुकानातल्या कॅलेंडरवर पाहिलं. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया, अमावास्येला दोन दिवस झालेले. चंद्राची कोर दिवेलागणीलाच मावळते. बांध्यांवर धुकं. मंडईहून मध्यरात्री परतणाऱ्या माणसाला वर बघायला काहीच नाही. आमच्याकडच्या चकव्याच्या गोष्टी दिवाळीनंतरच्याच का असतात, हे मला त्या दिवशी उमगलं. आणि आजीच्या यादीतला पहिला उपाय, बसून राहायचं उजाडेपर्यंत, तंतोतंत बरोबर. चकव्यावरचा माझा जीव यानं कमी झाला नाही, वाढलाच. सात थोटकं तशीच राहतात.

लिनोची पाटी मागवली, ए-५ आकाराची. लिनो काही परकी वस्तू समजू नका. १८६० च्या दशकात इंग्लंडात फ्रेडरिक वॉल्टननं लिनोलियम काढलं ते जवसाच्या तेलापासून, त्यात बुचाचा भुसा, मागे तागाचं कापड. जवसाची चटणी रोज ताटात असलेल्या माणसांनी त्याला बिचकायचं कारण नाही. ठसे काढायच्या तेलकट शाईतही पुष्कळदा जवसाचंच तेल असतं. डिसेंबरात पाटी दगडासारखी झाली होती, पटाशी घसरायची, म्हणून दोन्ही बोटं कापली. नंतर कळलं, अर्धा तास उन्हात ठेवली की लोण्यासारखी कापते. आणि दुसरा हात कायम पटाशीच्या मागे. हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं. तुम्हाला मी सांगितलं.

पहिल्या आराखड्यात मी चकवा काढला होता. धुराचा माणूस, लांब हात. टिनपाट दिसत होता. पेंटरकाकांच्या गाठी आठवल्या आणि धुराचा माणूस खोडून टाकला. राहिलं मोहाचं झाड, बांध्यांच्या आडव्यातिडव्या रेघा आणि सात थोटकं. माणूससुद्धा नाही. खाली मोठ्या अक्षरात ‘चकवा’.

रोलरनं शाई लावली, कागद ठेवला, वरून वरणाच्या पळीची पाठ घासली. (पळी आता घरात परत घेत नाहीत, नवी आणून द्यावी लागली.) कागद कोपऱ्यातून हळूच सोलला. झाड छान उठलं होतं. थोटकं छान उठली होती. आणि खाली अक्षरं आरशात दिसावी तशी, उजवीकडून डावीकडे. चित्र उलटं कापायचं हे डोक्यात पक्कं होतं, नाव मात्र सरळ कोरलं. ठसा काढणाऱ्या प्रत्येक माणसाची ही पहिली चूक असते म्हणतात, पण तीन आठवडे घालवून स्वतःच्या हातानं केल्यावर त्या माहितीचा काही आधार वाटत नाही.

तोंड पाडून बसले होते. आजीनं कागद हातात घेतला, फिरवून पाहिला. ‘उलटा लिवलास तं बेसच झाला,’ म्हणाली. ‘चकव्याले उलटाच लागते. सदरा नाई का उलटा घालत?’

मग मी पाटी बदलली नाही. २० प्रती काढल्या, पाच शाई जास्त झाल्यानं बुजल्या, १५ चांगल्या निघाल्या. १/१५ आजीची आहे. ती तिनं दाराच्या आतल्या बाजूला भातानं चिकटवून टाकली, आम्लविरहित कागद वगैरे मी सांगत बसले नाही. आबाजींची गोष्ट लिहून ए-४ च्या एकाच कागदाची आठ पानी पुस्तिकाही केली, मधे एक चीर देऊन दुमडायची, शिवण नाही, पिन नाही. २० रुपयांना एक. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दिवशी फुग्यांच्या गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले, १४ गेल्या. त्यातल्या तीन एकाच बाईनं नेल्या, तिच्या सासऱ्यालाही चकवा लागला होता म्हणे, फक्त त्याचं झाड बेहड्याचं.

पुढे काय: २९ गोष्टी बाकी. उन्हाळ्यात दुकान दुपारी बंद असतं, तेव्हा मागचं भरून काढीन. दुसरी पाटी शाळेमागच्या पिंपळावरच्या मुंजाची, नाव या वेळी ट्रेसिंग पेपरवर काढून पालथं घालूनच कोरणार. मे महिन्यात शाई फार लवकर वाळते का, कुणी अनुभव घेतला असेल तर सांगा, आमच्याकडे पारा ४५ च्या वरही जातो.

परवा दहावीचा एक पोट्टा हॉल तिकिटाची झेरॉक्स काढायला आला होता. काउंटरवर काचेखाली २/१५ आहे. वाकून बराच वेळ बघत होता. ‘ताई, हे काय लिवलं आहे?’ मी म्हटलं, ओळख. त्यानं काच उचलली, न विचारता, कागद पालथा केला आणि ट्यूबलाइटसमोर धरला.

‘चकवा,’ तो म्हणाला, आणि लगेच, ‘एक, दोन, तीन... सात बिड्या.’